वरचं बूच

ईडन प्रेरी या गावात आम्ही जी चाळीस-पन्नास मराठी माणसं होतो, त्यांतल्या निम्म्यांना तरी अमेरिकेत उतरल्यावर भेटलेला पहिला माणूस म्हणजे मनोहर देवस्थळी. डोक्याला कानटोपी, हातात एक जादा कोट. मी दोन हजार एकच्या जानेवारीत उतरलो, तेव्हा बाहेर उणे वीस होतं आणि माझ्या अंगात पुण्याहून आणलेलं पातळ जर्किन. ओळख ना पाळख, काकांनी तो कोट माझ्या अंगावर घातला, घरी नेलं, गरम आमटी-भात वाढला आणि दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीतल्या रांगेत माझ्याबरोबर दोन तास उभे राहिले.

या उपकाराची फेड आम्ही कशी केली? आम्ही त्यांना टाळायला शिकलो. काकांचं बोलणं लांबायचं. गाडीच्या टायरपासून सुरू होऊन ते कुठेही जायचं आणि संपायचं नाव घ्यायचं नाही. फोनच्या खिडकीत 'देवस्थळी' उमटलं की आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो आणि फोन वाजू द्यायचो. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, घरच्याच फोनवरून ते फोन करायचे. विमानतळावरून कुणाला आणायचं असलं की मात्र आम्हाला त्यांचा नंबर पाठ असायचा.

ते एकटे होते. बायको, सुलभा, लग्न मोडून कॅलिफोर्नियाला गेली, तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. निधी तिचं नाव. बापलेकीची गाठ वर्षा-दोन वर्षांनी पडायची आणि समोरासमोर बसलं की दोघांची वाचा बसायची. "गाडीत मात्र बोलता येतं रे," काका मला एकदा म्हणाले होते. "नजर रस्त्यावर असते ना, बरं पडतं."

पण गेल्या खेपेला त्यांच्या जुन्या गाडीच्या मागच्या बाजूने घूं घूं असा आवाज यायला लागला होता. काका काहीतरी सांगत होते आणि निधी म्हणाली होती, "बाबा, I can't hear you in this car." पुढे तिने कानात वायरी घातल्या. ते वाक्य काकांनी दोन वर्षं उराशी धरलं होतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात निधी नोकरीसाठी दोन वर्षं नैरोबीला निघाली. वाटेत आमच्या विमानतळावर तिचं विमान बदलायचं होतं. शनिवारी सव्वाअकराला उतरायचं, सव्वातीनला पुढचं विमान. मधल्या वेळात काका तिला घरी आणणार, जेवायला घालणार आणि परत सोडणार. म्हणजे गाडीतली जाऊन-येऊन पाऊण तासाची सोबत. तेवढ्यासाठी त्यांना तो आवाज घालवायचा होता.

मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. आत दातेरी चाकं आणि दाट तेल. तेल जुनं झालं की ती चाकं कुरकुरतात. काका गाडीच्या इंजिनाचं तेल दर तीन महिन्यांनी स्वतः बदलत, कुणाला हात लावू देत नसत. डिफरन्शियल मात्र त्यांनी कधी उघडलं नव्हतं. सामान त्यांनी आठवडाभर आधी आणून ठेवलं, पण नवं तेल ताजं ताजं असावं म्हणून काम ठेवलं शनिवारी सकाळी. काय म्हणावं या माणसाला! तेल म्हणजे काय पोळ्या आहेत?

आठ वाजता त्यांनी गाडी जॅकवर चढवली, खाली टेकू लावले, आडवे होऊन आत सरकले आणि इंजिनाच्या सवयीने खालचं बूच उघडलं. काळंभोर तेल परातीत उतरलं. खालचं बूच परत घट्ट बसवलं. मग नवं तेल भरायचं वरचं बूच उघडायला गेले, तर ते हलेना. इंजिनाचं वरचं झाकण हाताने फिरतं. हे बूच कुशीला, गाडीच्या पोटाखाली. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ अकरा हिवाळे त्या बुचावर बसलं होतं. काकांनी पान्यावर पाय देऊन जोर लावला, तसा पाना अडकवायचा बुचाचा चौकोनी खाचा गोल झाला आणि पाना नुसताच फिरायला लागला.

या कामाचा पहिला नियम असा की आधी वरचं बूच उघडून बघायचं, मगच खालच्याला हात लावायचा. भरता येणार नसेल तर रिकामं करू नये. हे मी नंतर वाचलं, काकांनीही नंतरच वाचलं. आता गाडीत थेंब नव्हता आणि ती अशी चालवली असती तर दातेरी चाकं वाटेतच जळाली असती.

पावणेदहाला त्यांनी मला फोन केला. मग आमच्यातल्याच मोहनला, मग केदारला. कुणी उचलला नाही. उचलणार कसा, तिघेही माझ्या घरी डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर होतो. न्याहारीचं पॉटलक होतं, ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणलेला, बारा माणसं, आणि काकांना आम्ही बोलावलं नव्हतं. खिडकीत 'देवस्थळी' बघून मीच म्हणालो, "गया यार आपला दिवस!" सगळे हसले. निरोप मी संध्याकाळी ऐकला. "काही विशेष नाही, निमिष. सवड झाली की फोन कर."

निधीच्या मोबाइलवर त्यांनी उशीर होईल, थांब, असा निरोप ठेवला. टॅक्सीला फोन केला तो मात्र साडेअकराला. टॅक्सी आली एक वाजून गेल्यावर, आणि पुढे रस्त्याचं काम चाललेलं. डबा घेऊन काका पोचले, तेव्हा निधी वीस मिनिटांपूर्वीच तपासणीतून आत गेली होती. तिकिटाशिवाय यांना कोण सोडणार? पब्लिक फोनवरून बोलले. ती म्हणाली, "It's okay, बाबा. Next time." नेक्स्ट टाइम म्हणजे दोन वर्षांनी. दोन हात काळे, डब्यात पुरणपोळ्या, आणि परत टॅक्सीची रांग.

हे सगळं मला रविवारी कळलं. काकांच्या निरोपाचं ऐकून आश्लेषा, माझी बायको, म्हणाली, "जाऊन तरी ये." जाताना तिने आदल्या दिवशी पॉटलकमधे उरलेल्या श्रीखंडाचा डबा हातात दिला. काका गॅरेजमधे स्टुलावर बसले होते. "तुमच्यासाठी केलंय तिनं," मी म्हणालो. मला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

मग त्यांनी शनिवार सांगितला. नेहमीसारखा लांबवला नाही, पाच मिनिटांत संपवला. मी मोहनकडून लोखंड तापवायचा गॅसचा बर्नर आणला, बूच तापवलं, खाच्यात लोखंडाचा जाडसर तुकडा ठोकून बसवला आणि दोघांनी मिळून पाना ओढला. तिसऱ्या हिसड्याला बूच सुटलं. एवढंच काम होतं! दोन माणसांचं, वीस मिनिटांचं. पंपाने नवं तेल भोकातून ओघळेपर्यंत भरलं आणि गाडी खाली घेतली.

"एक चक्कर मारू," काका म्हणाले, आणि गाडी आपसूक विमानतळाच्या रस्त्याला लागली. आवाज खरोखरच गेला होता. इतका, की मला माझा श्वास ऐकू येत होता.

शेवटी मी म्हणालो, "काका, काल तुमचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो."

"माहीत आहे." त्यांची नजर रस्त्यावर होती. "मी आलो होतो चालत. मैलभर तर आहे. कोपऱ्यावरून तुझं डेक दिसतं. मोहन होता, केदार होता, सगळेच दिसले. म्हटलं, पाहुणे आहेत, कुठे बेल वाजवायची? आलो परत."

काकांनी बरोबर घेतलेला श्रीखंडाचा डबा मागच्या सीटवर होता.

"निमिष, खरं सांग," ते म्हणाले. "माझं बोलणं फार लांबतं का रे?"

"नाही हो काका," मी म्हणालो. "बोला ना तुम्ही. काहीही बोला."

विमानतळापर्यंत आणि तिथून परत घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.