साडी एक, साडी दोन

कॉलेज संपल्यावर मामांनी मला परभणीतल्या त्यांच्या कापसाच्या जिनिंगवर, वजनकाट्याच्या खोलीत बसवलं. "पोरगी घरी बसून करती काय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझ्यासमोरच.

बोरीकडून येणाऱ्या टेम्पोत तीन-चार घरांचा कापूस असे. प्रत्येकाचा थर वेगळा राहावा म्हणून मध्ये जुन्या साड्या अंथरलेल्या. आमच्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एका गाडीला एकच नाव बसायचं. एकाचा कापूस ओला निघाला की कपात सगळ्यांना, आणि गेटवर भांडणं. म्हणून मी माझा प्रोग्राम लिहिला. गाडी एक, नावं कितीही, ओलावा ज्याचा त्याला. थरांना मी साडी एक, साडी दोन अशीच नावं दिली.

हंगामभर तो चालला, भांडणं थांबली. मामांनी एकदा कुणाला तरी सांगावं, हे आमच्या पोरीनं केलं, एवढंच मला हवं होतं.

मग हंगामाच्या शेवटी मला ताप आला. लाईट जाऊन आली आणि माझा प्रोग्राम कुणालाच परत सुरू करता येईना. गाड्या दुपारपर्यंत उभ्या राहिल्या.

मी कामावर परतले तेव्हा मामा व्यापाऱ्यांसोबत चहा पीत होते.

"आली बघा आमची सॉफ्टवेअर कंपनी. कंपनीला ताप आला की जिनिंग बंद."

सगळे हसले.

"मामा, सुरू कसं करायचं ते मी लिहून देते," मी म्हणाले.

"अन् उद्या लग्न होऊन गेल्यावर? बिघडलं की तुझ्या सासरी फोन लावू का, जावईबापू, जरा बायकोला द्या म्हणून?"

मामांचा मुलगा, आमचा दादा, पुण्यात शिकून आलेला. तो म्हणाला, "इंग्लिश शाळेत घातलं की असले शौक लागतात."

त्या आठवड्यात विकतच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा माणूस आला. "मॅडमना दाखवू द्या," म्हणाला. मॅडम म्हणणारा तो तिथला पहिलाच. मी सगळं दाखवलं. त्याने मोबाईलवर स्क्रीनचे फोटो काढले आणि "छान आहे," म्हणाला. संध्याकाळी मामांच्या सांगण्यावरून मी माझा प्रोग्राम काढून टाकला.

पुढच्या हंगामात कंपनीची नवी आवृत्ती आली. दादाने सगळ्यांना खोलीत बोलावलं. एका गाडीवर अनेक नावं, प्रत्येकाचा ओलावा वेगळा. खाली रकाने होते: साडी १, साडी २.

"बघ, याला म्हणतात सॉफ्टवेअर," दादा म्हणाला. "शिकून घे."

"दादा, हे माझं आहे."

"हां. मोबाईलचा शोधपण तूच लावला असशील."

हमालसुद्धा हसले. मामा हसले नाहीत. ते रकान्यांकडे बघत होते. त्यांना कळलंय, असं मला वाटलं.

"बरं झालं की," ते सावकाश म्हणाले. "आता तू लग्नाला मोकळी."

बाहेर टेम्पोने हॉर्न दिला. मी खुर्चीवर बसले आणि पहिलं नाव विचारलं.