पंचांची सही

ती घटना आठवली की आजही माझ्या नाकात लसणाचा वास भरतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, मोर्चे अंगावर घेतले. पण माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरवलं असेल, तर चाळीस पोती लसणाने.

तेव्हा मी नागपुरात ठाणेदार होतो आणि बाजार समितीचं आवार माझ्या हद्दीत येत होतं. चिनी लसणावर आपल्याकडे बंदी आहे. तो नेपाळच्या सीमेवरून चोरून आत येतो, तिकडे नजर ठेवा, असं वरून पत्र आलं होतं. त्याच पत्रात खाली दुसरा परिच्छेद होता. रीतसर आयात झालेल्या मालाला आणि तो विकणाऱ्यांना विनाकारण त्रास होऊ देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. पहिला परिच्छेद हजेरीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवला गेला. दुसरा कुणी वाचला नाही. खरं सांगायचं तर मीही वाचला नाही.

आठवडाभरात सकाळी दहाच्या सुमारास खबऱ्याचा फोन आला. हा गडी बाजारापासून लांब, सक्करदऱ्यात पानठेला चालवायचा. म्हणाला, "साहेब, बाहेरचा लसूण उतरून राहिला. त्या बाईच्या गाळ्यावर. आत्ताच्या आत्ता जा, गाडी उभीच आहे."

आम्ही गेलो. गाळा एका पन्नाशीच्या बाईंचा. त्यांचे वडील त्याच आवारात हमाल होते. पाठीवर पोती वाहता वाहता त्यांनी म्हातारपणी गाळ्याचा परवाना मिळवला आणि पुढे मुलीने गाळा नावारूपाला आणला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली वडिलांचा. बाईंनी न मागता फाईल काढून माझ्या हातात दिली. पंजाबच्या सीमेवरच्या तपासणी नाक्याची पावती, सीमाशुल्क भरल्याचा कागद, माल रोगमुक्त असल्याचा दाखला. मालाचा देश, अफगाणिस्तान.

माझ्या हवालदाराचे डोळे चमकले. "साहेब, परदेश."

झालं. परदेश हा शब्द दिसल्यावर आम्हाला बाकीचे शब्द दिसेनात. जप्तीचा पंचनामा करायचा तर दोन पंच हवेत. समोरच लसूण निवडत दोघी बसल्या होत्या, त्यांनाच घेतलं. त्यातली एक मौद्याकडच्या खेड्यातून रोज येणारी साठीची मावशी. तिने एक गड्डा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "पण साहेब, याले तं मुळ्या आहेत."

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही फक्त सही करा."

तिने एकेक अक्षर काढत सही केली. तेवढा वेळही मला जास्त वाटला.

दुपारी बाईंचा जबाब घेतला. नेहमीचे प्रश्न मी फिरवून फिरवून विचारले. माल कुणाचा, चीनचा की नाही, मध्यस्थ कोण. त्या शांतपणे उत्तरं देत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "साहेब, चोरीचा माल असता तं मी कागदावर अफगाणिस्तान काहून लिहू दिलं असतं? चोरानं कधी खरं गाव लिहिलं का?"

यावर मी आवाज चढवला. पोलिसांची ही जुनी खोड आहे आणि मी तिला अपवाद नव्हतो.

त्या रडल्या नाहीत. एवढंच बोलल्या, "गुन्हा दाखल झाला तं परवाना जाते, साहेब. माह्या बापाच्या पाठीतून निघाला आहे तो गाळा." बाजार समितीची नोटीस त्यांना त्याच संध्याकाळी मिळाली. पंधरा दिवसांत निर्दोष असल्याचा कागद आणा, नाहीतर परवाना रद्द.

आता तो कागद द्यायचा कुणी? सीमाशुल्कवाले म्हणाले, माल तुम्ही जप्त केला, तुम्हीच ठरवा. अन्न खात्याने नमुना नेला आणि कळवलं की लसूण खाण्यास योग्य आहे, तो कोणत्या देशाचा हे सांगणं आमच्या कक्षेत येत नाही. प्रयोगशाळेने उलट विचारलं, नेमकी कोणती चाचणी हवी? मी पत्रं लिहीत होतो, स्मरणपत्रं लिहीत होतो, आणि तिकडे मुद्देमालाच्या खोलीत लसणाला कोंब फुटत होते. ठाण्यात तक्रार द्यायला आलेला माणूस आधी नाकाला रुमाल लावायचा. घरी बायको मला अंघोळ केल्याशिवाय आत घेईना.

बाई रोज यायच्या. "लसणाले हवा लागते, साहेब. मले फक्त पसरवू द्या." मुद्देमालाला हात लावता येत नाही, हे मी दोन दिवस सांगितलं. तिसऱ्या दिवशी वैतागून परवानगी दिली. ठाण्याच्या मागच्या अंगणात शिपायाच्या देखरेखीखाली लसूण पसरला जायचा आणि स्टेशन डायरीत नोंद व्हायची, 'मुद्देमालास हवा दाखविली.' पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी वेडगळ नोंद मी दुसरी केली नाही.

पसरवायला त्यांच्याबरोबर ती मावशीही यायची. एक दिवस मी चहाचा कप घेऊन अंगणात उभा असताना ती मला ऐकू जाईल अशा बेताने बाईंना म्हणाली, "यायले सांगून उपयोग नाही वं बाई. मुळ्यावाला लसूण धरला, बिनमुळ्याचा सोडून देल्ला."

मी कप खाली ठेवला. "मावशी, बिनमुळ्याचा म्हणजे?"

"आता विचारून राहिले का?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आमच्या मौद्याले एक गोदाम आहे. तिथं दोन महिने निवडाले गेली होती मी. तिथल्या लसणाचं बूड कसं साफ, तासल्यावानी. मुळीचं नाव नाही. पाकळी ही एवढी मोठी आणि वास काहीच नाही. बोऱ्यावर मात्र मध्य प्रदेश लिहेल आहे."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं. तुम्ही म्हणाले, सही करा."

मला फार लाज वाटली. चिनी लसणाची मुळं खरवडून काढलेली असतात, हे वरून आलेल्या त्या पत्राच्या जोडपत्रातही होतं. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं.

मग खबऱ्याला बोलावलं. मारहाण नाही, आरडाओरडा नाही, समोर चहा ठेवला. "सक्करदऱ्यात बसून तुला कसं कळलं की गाडी आत्ता उभी आहे?"

"लोक बोलतात, साहेब."

"कोणते लोक? नाव सांग गा."

अर्धा तास त्याने सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटण्यात घालवला. शेवटी बोलला. एका मोठ्या व्यापाऱ्याचा मुनीम त्याच्याकडे पान खायला यायचा, खबर त्यानेच पुरवली होती. आणि मौद्याचं गोदाम त्याच व्यापाऱ्याचं. शांतता समितीच्या बैठकीत हे गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. बाईंचा माल कागदासकट विकला जाऊ लागला, तसं गिऱ्हाईक त्यांच्याकडेही कागद मागायला लागलं होतं. त्यांना तेच नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौद्याच्या पोलिसांना सोबत घेऊन गोदामावर गेलो. मावशीला या वेळी मी हात जोडून पंच म्हणून नेलं. बोऱ्यावर मध्य प्रदेश, आत जाळीची पिशवी, तिच्यावर आमच्यापैकी कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. मावशीने गड्डा उलटा करून माझ्यासमोर धरला. बूड तासल्यासारखं साफ होतं. गोदामाच्या दारात उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरने तासाभरात नेपाळच्या सीमेपासूनचा सगळा रस्ता सांगितला. सीमाशुल्कवाले या वेळी मात्र न बोलावता हजर झाले, फोटोही काढून घेतले.

बाईंचा परवाना मुदतीच्या आदल्या दिवशी वाचला. लसूण मात्र एक तृतीयांश कोंब येऊन वाया गेला. माल परत घेण्याच्या सुपूर्दनाम्यावर सही करताना त्यांनी विचारलं, "साहेब, पुढच्या गाडीच्या कागदावर काय लिहाले सांगू?"

"जे खरं आहे तेच."

"मंग पुन्हा पकडसान."

मी त्यांना माझा फोन नंबर लिहून दिला. दुसरं काय देणार होतो?

सीमेवर कुंपण असावं, पहारा असावा, चोरटा माल पकडलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सरकारने तिथे दरवाजेही ठेवले आहेत, आणि त्या दरवाजातून रीतसर आलेल्या माणसालाच आम्ही पकडलं, कारण पकडण्यासारखं नाव फक्त त्याच्याच कागदावर होतं. पंच हा आम्हाला सही करणारा हात वाटतो. त्याला डोळे असतात, हे मला निवृत्तीच्या तोंडावर एका मावशीने शिकवलं. नव्या पोरांना मी हे प्रत्येक व्याख्यानात सांगतो. ते लिहूनही घेतात.

गेल्या आठवड्यात मी प्रताप नगरच्या घरी पेपर वाचत होतो. बाईंचा फोन आला. "साहेब, पुन्हा गाडी अडवून राहिले." मी फोन तिथल्या फौजदाराला द्यायला सांगितला. आवाज ओळखीचा वाटला. माझं व्याख्यान ऐकलेलाच होता.

"सर, कागदावर परदेशाचं नाव आहे."

"पंच कोण घेतलेत?"

"इथल्याच दोन बाया, सर. लसूण निवडणाऱ्या."

"मग आधी त्यांना विचार, लसूण कसा आहे."

"सर, त्यांच्या सह्या तर झाल्या."

मी पेपर घडी करून ठेवला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागलो.