माघारी येणारे आबा

आमच्या पासली गावातल्या आबांना निरोप घेऊन डोंगरावरच्या वाडीत धाडलं, की ते परत येऊन तुमच्या दारात उभे राहणारच. वाडीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. स्वतःच्या घरी पाणी प्यायच्या आधी आमच्याकडे येऊन म्हणायचे, "पोचला निरोप. जबाब काय न्हाई."

माझी ताई त्या वाडीत दिलेली. आई आजारी असताना तिने मला पुण्याला तीनदा कळवलं. मी कामाच्या धबडग्यात साधं उत्तरही दिलं नाही, आणि आई गेली. ताईने बोलणं टाकलं. तिच्या दारात जायची माझी छाती होईना. मग गावी आलो की आबांकरवी एकच निरोप: चुकलो, एकदा ये. दर वेळी आबांचं तेच, "सांगितलं. काय बोलली न्हाई."

एकदा वैतागून म्हटलं, "आबा, मनानंच काहीतरी गोड सांगा की."

चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, "जबाब म्या बनवीत न्हाई. पर माघारी आलोच न्हाई, तर तुला कसं कळंल, पोचलो का दरीत पडलो?"

ते वाक्य मी पुण्याला नेलं. आम्ही चौघं कॉम्प्युटरची एक छोटी भाषा तयार करत होतो आणि एका प्रश्नावर अडलो होतो. ज्या फंक्शनचं, म्हणजे हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याचं, काम नुसतं फाईल पुसायचं, त्याने परत काय द्यावं? बाकीचे म्हणत, काहीच नको. मी हट्टाला पेटलो. उत्तर नसलं तरी त्याने माघारी येऊन 'पोचलं' एवढं म्हणावं. आणि जे कधी परतणारच नाही, त्याचा प्रकार वेगळा ठेवावा, म्हणजे त्याची वाट बघायची नाही हे आधीच कळेल. शेवटी तसंच ठरलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, "ह्यात शिकायचं काय? रीतच हाय ती."

यंदा भातकापणी झाल्यावर आबा सकाळी माझा तोच निरोप घेऊन वर गेले. दुपार टळली तरी आले नाहीत. मी ओट्यावर वाट बघत बसलो. उन्हं कलताना पायवाटेने कुणीतरी उतरताना दिसलं. ताई होती. खांद्यावर आबांची घोंगडी.

घरातही न शिरता म्हणाली, "आबा गेले रे. ओसरीवर बसले, तुझं सांगितलं, पाणी मागितलं, अन् तितंच कलंडले. माणसं आणत्यात त्यास्नी मागनं."

तिने घोंगडी माझ्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसली.

"पोचला तुझा निरोप," ती म्हणाली. "माघारी यायला आबा न्हवते, म्हून म्या आले."