शटलमावशींनी न ओवलेली सुई

पिंपरी पेंढारमध्ये कुणाचंही शिलाई मशीन बिघडलं की ते शटलमावशींच्या ओट्यावर जायचं. आणि गंमत अशी, की या बाईंना मी कधी सुईत दोरा ओवताना पाहिलं नाही. कापडाचा तुकडा त्यांच्या हातात द्यायचा आणि समोर उभं राहून बोलणी खायची. "तूच ओव. तुजं चुकतंय कुटं ते मला बगायचंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही ओवायचो, आणि त्या मान वाकडी करून मशीनचा आवाज ऐकत बसायच्या.

लग्न होऊन आले तेव्हा माहेरचं मशीन माझ्याबरोबर आलं. पहिल्याच ब्लाउजला खालच्या अंगाला दोऱ्याचं हे एवढं जाळं! मी तडक आळेफाट्यावर जाऊन तीन नव्या बॉबिन आणल्या. जाळं कायम. मावशींनी तुकडा उलटा करून त्यावरून बोट फिरवलं.

"बॉबिन बदलली व्हय? बिचारी खाली बसती म्हनून समद्यांचा राग तिच्यावर! गुंता खाली दिसला की खोट वरच्या दोऱ्यात आसती. पाय उचलून ओवलंस का?"

मी उचलला नव्हता. कापड दाबणारा तो पाय खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या वरच्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. माझं बी.कॉम. तिथल्या तिथं निकालात निघालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर ओट्यावर रांगच लागायची. आदल्या दिवशी आम्ही सगळ्या जणींनी आपापल्या मशीनची भक्तिभावानं पूजा केलेली असायची. हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, आणि एखादीनं प्रेमानं घातलेलं खोबरेल तेल. हे सगळं घरंगळत खाली, बॉबिन बसते त्या शटलमध्ये जायचं आणि सकाळी चाक जागचं हलायचं नाही. "पूजा वरच्या वर करा की गं! शटलात कुंकू वतलं म्हंजी देवी लवकर पावती व्हय?" असं म्हणत मावशी केसातल्या पिनेनं एकेक तांदूळ बाहेर काढायच्या. दर वर्षी आम्ही माना डोलवायचो आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा मूठभर अक्षता टाकायचो. पूजेत हात आखडता कोण घेणार?

अशाच एका दसऱ्यानंतर त्यांनी माझं शटल पुसलं आणि म्हणाल्या, "कुकवानं नुसतं भरलंय बग." त्यांची बोटं पिवळीधमक झाली होती. मी म्हणाले, "मावशी, ही हळद आहे." त्यांनी बोटं पदराला पुसली. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "कुनाला सांगू नगंस. डाक्टर म्हनला, डोळ्याचा पडदा खराब झालाय, इलाज न्हाई. आन् दत्तूनं आदीच सांगून ठेवलंय, ज्या दिशी सुई ओवता येनार न्हाई त्या दिशी मशीन इकायचं आन् भोसरीला यायचं. चवथ्या मजल्यावर! तितं मी काय करू, लिफ्टची वाट बगू?"

दत्तू त्यांचा एकुलता एक मुलगा, भोसरीत फ्लॅटमध्ये राहणारा. माणूस वाईट नव्हता, आईची काळजीच होती त्याला. पण मला त्या दिवशी त्याचा मनापासून राग आला. आणि स्वतःचाही. इतकी वर्षं मी ज्याला शिस्त समजत होते, ती या बाईची आंधळी कोशिंबीर होती. मी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळीला दत्तूदादा आले. त्यांना कुठून तरी शंका आली असावी. मी फराळाचं ताट द्यायला गेले, तर त्यांनी आईपुढे सुई आणि रीळ ठेवलं होतं. "आई, ओवून दाखव बरं."

मावशींनी सुई आणि रीळ त्यांच्याकडेच सरकवलं. "मी जलमभर ओवली. आता तूच ओव. तुजं चुकतंय कुटं ते मला बगायचंय."

दत्तूदादा हसले आणि सुई उचलली. वय अठ्ठेचाळीस. दोऱ्याचं टोक ओलं केलं, हात लांब नेला, नाकाशी आणला, उन्हाकडे पाठ केली, पुन्हा तोंड केलं. चष्मा लागलाय हे कबूल करायची तयारी नव्हती. शेवटी वैतागून म्हणाले, "हा दोराच फालतू आहे!"

"पाय उचलला का आदी?" मावशींनी विचारलं.

मशीन तर आत कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. मला हसू आवरेना. दत्तूदादांनी सुई चकलीच्या ताटलीत ठेवली आणि चहा मागितला. भोसरीचा विषय त्या दिवाळीत निघाला नाही आणि पुढेही कधी निघाला नाही.

मावशी गेल्या त्या पिंपरी पेंढारमध्येच, स्वतःच्या घरात. त्यानंतरच्या दसऱ्याला त्यांचा ओटा रिकामा होता. सगळ्या बायका आपापल्या घरी पिना घेऊन शटलातले तांदूळ काढत बसल्या होत्या, कारण ओवणं मावशींनी आमच्याच हातून करून घेतलेलं आणि तांदूळ काढणं दर दसऱ्याला पाहून पाहून पाठ झालेलं. मला फार रडू आलं त्या दिवशी.

परवा शेजारची नवी सून मशीन घेऊन आली. "काकू, बॉबिन खराब झालीय." मी तुकडा उलटा केला आणि डोळे बारीक केले. दिसेना, म्हणून बोट फिरवलं. मग सुई तिच्यापुढे सरकवली. "तूच ओव. तुझं चुकतंय कुठं ते मला बघायचंय."

हल्लीच्या पोरी भारी हुशार. ती म्हणाली, "काकू, तुमचा चष्मा कुठंय? आणून देऊ?"

मी तिला आधी पाय उचलायला सांगितलं.