काकवीचा डबा आणि उघड्या पराती

बायको जाऊन आता वर्ष होत आलं. मला रडू येत नाही, राग येतो. भेटायला येणारे लोक हळू आवाजात बोलतात, चहाचा कपसुद्धा आवाज न करता खाली ठेवतात, त्याचा तर जास्तच राग येतो. अहो, ती बाई जन्मात कधी हळू बोलली नाही. तिच्याबद्दल बोलायचं तर मोठ्यानं बोला, नाहीतर घरी जा. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, जमेल तसं लिहितो. आजारपणाचं लिहिणार नाही. चंदीगडातल्या आमच्या धान्याच्या खोलीचं लिहितो, कारण ती सगळ्यात जास्त हसली ती त्या खोलीत.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. सुटल्यावर तिथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात धुलाईची गाडी चालवायला लागलो. वॉर्डातल्या चादरी धोबीघाटावर न्यायच्या, धुतलेल्या परत आणायच्या. राहायला क्वार्टर मिळालं, तेव्हा हिला कराडाकडनं आणलं. हिला हिंदी येत नव्हतं. दिवसभर दाराला कडी. भाजीवाला आला की बोटानं दाखवायची. मी म्हणायचो, "अगं, बोल की त्याच्याशी." तर म्हणायची, "त्याला मराठी शिकवा, मग बोलते."

तिची कडी काढली ती एका मेजरसाहेबांच्या बाईंनी. शहराजवळच्या छावणीत मराठी अफसर बरेच. त्यांची बदली सारखी. बदली झाली की ट्रंका बांधायच्या, पण अर्धा डबा तांदूळ, पाव डबा डाळ, हे कोण आसामला नेणार? बाई एके दिवशी बदली झालेल्या शेजारणीचे सगळे उघडे डबे आमच्याकडं देऊन गेल्या. मग छावणीत बातमी फुटली, आणि ज्याची बदली होईल त्याचं स्वयंपाकघर आमच्या ओट्यावर यायला लागलं. मूग, पोहे, हुलगे, आमसुलं, गोडा मसाला. घरात पाय ठेवायला जागा नाही.

आणि समोर हॉस्पिटलच्या हिरवळीवर माणसं पडलेली. हिमाचलातनं, हरियाणातनं, पंजाबच्या खेड्यांतनं आजारी माणूस घेऊन आलेली, महिना महिना तिथंच. त्यांच्या पोटाची सोय होती, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात कुणी उपाशी राहत नव्हतं. पण ऑपरेशन झालेल्या बाईला छोले कसे चालतील? तिला पाहिजे मुगाचं पाणी, मऊ भात. हिरवळीवर वातीचा स्टोव्ह असायचा, भांडं असायचं, मूठभर मूग नसायचे. एक बाई आमच्या दारात येऊन खुणेनं मूग मागून गेली, आणि हिला काय ते समजलं. दुसऱ्या दिवशी तिनं क्वार्टरमागची सायकल ठेवायची खोली झाडली आणि मला म्हणाली, "तुमची सायकल आजपासून पावसात."

अशी ती खोली. पत्र्याचं छप्पर, भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे. जो येईल त्याला कच्चं द्यायचं, शिजवून नाही. ती म्हणायची, "आपल्या माणसाला आपल्या हातानं रांधून घालू दे त्यांना. तेवढंच त्यांच्या हातात हाय."

मदतीला शेजारच्या बीजी. सरदारीण म्हातारी, माझ्या आईच्या वयाची, गुडघे गेलेले आणि जीभ शाबूत. बीजींना मराठी येत नव्हतं, हिला पंजाबी येत नव्हतं, आणि दोघी दिवसभर गप्पा मारायच्या. आमसुलं पहिल्यांदा बघून बीजी म्हणाल्या, "भैणजी, ए किसदी जुत्ती कट्टी ए?" कुणाचं पायताण कापलंस म्हणून! हिनं एक आमसूल त्यांच्या तोंडात कोंबलं. बीजींचे दोन्ही डोळे मिटले, मग एक उघडला, मग म्हणाल्या, "होर दे." आणखी दे म्हणून!

हुलगे मात्र कुणी नेत नव्हतं. घोड्याला घालतात म्हणायचे. ते नेले एका पहाडी माणसानं. बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, रोज सकाळी भांडं घेऊन मुगाला यायचा, मान खाली, आवाज नाही. एके दिवशी त्याला हुलग्यांचा डबा दिसला आणि हा माणूस ओरडलाच, "कुलथ! ये तो हमारे घर की दाल है!" तो जो बोलायला लागला तो अर्धा तास थांबला नाही. हिला त्यातलं काय कळलं देव जाणे. पण हिनं मला सांगितलं, "त्यांच्या गावाला बी हुलग्याचं माडगं करत्यात, निराळ्या तऱ्हेनं." मला नवल वाटलं. दाराला कडी लावून बसणारी हीच का ती?

आता दिवस कसले होते ते सांगायला पाहिजे. ऐंशीच्या पुढची वर्षं, पंजाबात जागोजाग बॉम्ब फुटायचे. चौकाचौकात वाळूची पोती, पोत्यामागं बंदुका. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायचं. कुठं डबा दिसला, रेडिओ दिसला, पिशवी दिसली तर हात लावू नका, पोलिसाला सांगा, असं जिथं तिथं लिहिलेलं. सगळं शहर बेवारशी डब्याला घाबरायचं, आणि आमचा कारभार बेवारशी डब्यांवरच चाललेला! छावणीतल्या अफसरांचे अर्दली पहाटे यायचे, ओट्यावर डबा ठेवायचे, निघून जायचे. कुणी ठेवला, कुणाचा, आम्ही कधी विचारलं नाही. खोलीत डबे रचून मोकळे.

जूनमध्ये असाच एक डबा आला. पत्र्याचा, दाबून झाकण बसवायचा. आत काकवी. कुणीतरी गावाकडनं हौसेनं आणलेली. चंदीगडचा जून म्हणजे पत्र्याखाली भाकरी भाजेल. काकवी आत आंबत गेली, फुगत गेली, आणि एका पहाटे झाकण उडालं ते सरळ वर छपराच्या पत्र्यावर.

तो आवाज! मी फौजेतला माणूस, मी खाटेखाली. हीसुद्धा माझ्या शेजारी खाटेखाली. सगळ्या क्वार्टरांतनं किंकाळ्या. कुणीतरी पळत जाऊन चौकातल्या पोलिसांना सांगितलं. जीप आली, पोलीस वाकून वाकून पुढं सरकले, बंदुका खोलीवर रोखल्या. आत कोण होतं? मूग आणि तांदूळ.

आम्ही लांबनं बघत होतो. ही एकदम म्हणाली, "अहो, वास बघा. काकवी हाय ती."

"गप बस," मी म्हणालो.

"गप कशाला? काकवीच हाय!" आणि निघाली पुढं. मी पदर धरला, तो हातातनं सुटला.

ठाणेदार सरदारजी होते. दाढी जाळीत बांधलेली, डोळे लाल, किती रात्री झोपले नव्हते कोण जाणे. त्यांनी हिला जागेवरच थांबवलं. दोघं शिपाई आत जाऊन बाहेर आले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या बुटाला पाकासारख्या चिकट तारा सुटत होत्या. भिंतीवरनं तपकिरी ओघळ. तेवढ्यात बीजी काठी टेकत आल्या, कुणाला न विचारता आत गेल्या, भिंतीला बोट लावलं आणि चाटलं.

"ओये, ए तां राब ए!" बीजी ओरडल्या. त्यांच्याकडं उसाच्या पातळ गुळाला राब म्हणतात. "चंगी ए!"

क्वार्टरांची सगळी रांग हसली. ठाणेदार हसले नाहीत.

"माताजी, आज राब है, कल क्या होगा?" ते म्हणाले. "ये डिब्बा किसने रखा?"

कुणाला माहीत नव्हतं.

"ये वाला? ये वाला?"

ते पण माहीत नव्हतं. ठाणेदारांनी खोलीला कुलूप लावायला लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "बंद. लावारिस सामान का गोदाम नहीं चलेगा." त्या माणसाचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. खऱ्या डब्यांनी माणसं मरत होती.

पण हिचं तोंड मी बघितलं. गावाकडचं घर सोडून आली तेव्हा असं झालं नव्हतं ते. चूल पेटवेना, चहा करेना. मी म्हणालो, "अगं, जाऊ दे. आपण आपलं घर बघू."

"घर बघू म्हंजे काय करू? कडी लावून बसू?" ती म्हणाली. "त्या खोलीत मला चार माणसं नावानं वळखत्यात. हितं कोण वळखतंय? भिंती?"

मी स्वतःच चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात पहाडी माणूस नेहमीच्या वेळेला भांडं घेऊन आला. कुलूप बघितलं आणि तसाच मागं वळला. ही उठली ती थेट आमच्या स्वयंपाकघरात. आमची मोठी परात काढली, घरातले सगळे मूग तिच्यात ओतले, आणि परात नेऊन समोरच्या हिरवळीवर मधोमध ठेवली. उघडी. आणि त्याला हाक मारली, "ओ पहाडवाले भाऊ! इधर आव!"

बीजींनी हे बघितलं आणि घरातनं आपल्या पिठाची परात आणायला सुनेला पिटाळलं. सून म्हणाली, "बीजी, पूरी?" म्हणजे सगळी? बीजी म्हणाल्या, "पूरी! ते ढक्कण ना रखीं!" झाकण ठेवू नकोस! सून ती परात डोक्यावर घेऊन आली आणि चालता चालता स्वतः पांढरी झाली. मग पलीकडच्या नर्सबाई तांदूळ घेऊन आल्या. कंपाउंडर रवा घेऊन आला. छावणीतनं मेजरसाहेबांच्या बाई आल्या, आवाजाची बातमी ऐकून घाबरून आलेल्या. ही त्यांना म्हणाली, "बाई, आता अर्दलीच्या हाती काय पाठवायचं न्हाई. तुम्ही यायचं, सगळ्यांच्या म्होरं आपल्या हातानं परातीत वतायचं. कुणी वतलं ते दिसलं पायजे."

बाई म्हणाल्या, "मी? इथं गवतात बसू?"

"साडीला गवत चावत न्हाई."

बाई बसल्या. आणि बसल्या त्या उठेनात. एवढी वर्षं त्यांनी दिलेलं धान्य कोण नेतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आता एका परातीच्या या बाजूला त्या आणि त्या बाजूला पहाडी माणूस. त्या त्याला विचारत होत्या, बायको कशी आहे, टाके निघाले का? मान खाली घालून येणारा तो माणूस त्यांना सांगत होता की तुमच्या मुगात खडे फार असतात. बाई हसून लाल. "अरे, मग निवडायला लागा माझ्याबरोबर!" दोघं मूग निवडायला बसले. चिमण्या उतरल्या. उघड्या परातीवर चिमण्या येणारच. म्हणून बीजींनी काठी फिरवायची आणि चिमण्यांना पंजाबीत शिव्या द्यायच्या असं ठरलं. शिव्या चांगल्या कडक होत्या. त्या ऐकायलाच आणखी चार माणसं आली.

दुपारपर्यंत हिरवळीवर जत्रा. कोण गव्हाचं सांगतंय, कोण मक्याचं, कोण म्हणतंय आमच्याकडं खिचडीत तूप असं घालतात, दुसरा म्हणतोय तसं घातलं तर माझी आई मला घराबाहेर काढेल. त्या दिवसांत माणूस माणसाशी बोलताना आधी पगडी आहे का, टिकली आहे का, ते बघायचा. परातीभोवती सगळ्यांचे हात पिठानं पांढरे. मी ड्युटीची गाडी लावून आलो तर मला ओळखीचं कुणी दिसेना, तरी सगळेच ओळखीचे वाटत होते.

आणि ठाणेदारांची जीप परत आली.

 ते उतरले. चालत पहिल्या परातीशी आले. ही उठून त्यांच्यासमोर उभी राहिली, पदर खोचलेला, आणि तिच्या त्या हिंदीत म्हणाली, "साब, देखो. झाकण नहीं. सब उघडा. ये मूग मैंने वता, ये आटा बीजीने वता, ये तांदूळ नर्सबाईने वता. लावारिस कौन है? एक बी नहीं. हात घालो."

"क्या?"

"हात घालो, हात! अंदर तक!"

ठाणेदारांनी इकडं तिकडं बघितलं. मग बाही वर केली आणि तांदळात हात घातला, मनगटापर्यंत. आत फिरवला. थोडा वेळ तसाच ठेवला. तांदूळ आतनं गार असतो, उन्हातनं आलेल्या माणसाला बरं वाटतं. त्यांचे खांदे खाली आले ते मी बघितलं.

"रोज ऐसे ही रखोगे? खुला?"

"रोज."

"कोई बैठेगा पास में? हर वक्त?"

ही काही बोलायच्या आत बीजी म्हणाल्या, "मैं बैठांगी." मग मेजरीणबाई म्हणाल्या, "मी मंगळवार-शुक्रवार." नर्सबाईंनी ड्युटी सुटल्यावरची वेळ सांगितली. कंपाउंडर म्हणाला रविवारी येईन. पहाडी माणूस मागनं म्हणाला, "जब तक हूँ, मैं भी."

ठाणेदारांनी तांदळातनं हात काढला, झटकला आणि खिशातनं किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ठीक है. चलाओ."

ही म्हणाली, "क्या बोले?"

तिला समजलं होतं. चांगलं समजलं होतं, मला माहीत आहे. तिला सगळ्यांदेखत परत ऐकायचं होतं.

"चलाओ, भैणजी, चलाओ!" ठाणेदार मोठ्यानं म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

काय आरडाओरडा झाला! बीजींनी मूठभर पीठ हवेत उडवलं, ते निम्मं ठाणेदारांच्या दाढीत. ही मोठमोठ्यानं हसत होती, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी खोलीच्या दारात किल्ली हातात घेऊन तिच्याकडं बघत राहिलो.

"अहो, बघत काय ऱ्हायलाय?" ती तिकडनं ओरडली. "उघडा की! आतले डबे भाईर काढा, झाकणं काढा, आन् काकवी पुसून घ्या आधी, मुंग्या लागल्या असतील!"