एक थाप, दोन थापा

आमचे हे कंटेनर चालवतात आणि मी सायकल. दोघांचा रस्ता एकच, तळवड्याहून चाकणकडे जाणारा. मी त्याच रस्त्यावरच्या एका छोट्या युनिटमध्ये कामाला आहे. बस आमच्या बाजूला फिरकत नाही, म्हणजे सायकल सुटली की नोकरीही सुटली. हे यांना ठाऊक आहे. तरी जेवायला बसलं की यांचं तेच, "सोड बाई ती सायकल." वैताग येतो. सायकलींसाठी कडेला पट्टा रंगवलाय म्हणे. त्यावर चारचाक्या लावलेल्या असतात आणि वडापावची गाडी. मग मी जाणार कुठून?

एका रविवारी यांनी मला उभ्या कंटेनरच्या स्टिअरिंगवर बसवलं आणि माझी सायकल घेऊन स्वतः डाव्या बाजूला गेले.

"दिसतोय का?" खालून आवाज आला.

आरसे पाहिले, मान लांब केली. "अहो, कुठं आहात तुम्ही?"

तेवढ्यात दरवाजाच्या पत्र्यावर थाप बसली आणि मी दचकले. एवढा धिप्पाड माणूस हाताच्या अंतरावर उभा, आणि मला त्याचा केसही दिसला नव्हता. भीतीच वाटली.

"आधी या बाजूला क्लीनर असायचा," हे म्हणाले. "त्यानं एक थाप मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. आता एकट्यालाच पाठवतात."

तेव्हापासून चौकात शेजारचा कंटेनर डावीकडे वळायला लागला की मीच पत्र्यावर थाप मारते. जुने ड्रायव्हर मुकाट थांबतात. नवे शिव्या घालतात, पण थांबतात. माझं बघून युनिटमधल्या बायकाही मारायला लागल्या. मनातून मी फुशारलेच होते.

मग एका संध्याकाळी हे घरी आले ते हातपाय न धुताच बसून राहिले.

"आज चौकात थाप आली. एकच. ब्रेक दाबला. आता दोन येतील, मग हलू म्हणून थांबलो, तर येईनात. मागून नुसते हॉर्न. उतरून बघायचा धीर होईना गं."

"मग?"

"उतरलो. कुणीच नव्हतं. निघून गेली असंल." मग माझ्याकडे बघून यांनी विचारलं, "तू मारतीस ना दोन?"

"नाही," मी म्हटलं.

गाडी थांबली की मी पुढून सटकायची. सुटले, एवढंच डोक्यात. मागे कुणीतरी चाकाखाली बघायला घाबरत बसलं असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

आता एक थाप मारून सायकल फुटपाथवर चढवते, मग दोन मारते आणि त्याला आधी जाऊ देते. कुणाचाही कंटेनर असो. कामावर पोचायला उशीर होतो, सुपरवायझर बोलतो. ऐकून घेते.