हात न लावलेला पतंग

“मी हात नाय लावला, सर.”

रंजनाने हे तिसऱ्यांदा सांगितलं. मी तिसऱ्यांदाही ऐकून घेतलं नाही. बोरीवलीतलं आमचं ऑफिस म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरची दीड खोली. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, मधे तिची वही. वहीतल्या एका नोंदीवर माझी लाल फुली. आमची कोऑर्डिनेटर अश्विनी चहाचा ट्रे घेऊन उभीच होती, कारण ट्रे कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

मी कोण ते आधी सांगतो. मी पतंग आणि फुलपाखरं ओळखणारा माणूस. एका संग्रहात तेहतीस वर्षं नोकरी केली. टाचणीला टोचलेले, पंख पसरून वाळवलेले हजारो किडे लाकडी खणांत लावणं, त्यांची नावं ठरवणं, मुंगीएवढ्या अक्षरांत लेबलं लिहिणं. रिटायर झाल्यावर मला घरात बसवेना, आणि बायकोला मी बसलेला बघवेना. तेवढ्यात अश्विनीचा फोन आला. नॅशनल पार्कच्या कडेपासून मनोरीच्या किनाऱ्यापर्यंत कुठली फुलपाखरं आणि दिवसा उडणारे हॉक मॉथ सापडतात, याची नोंद करायचं काम एका संस्थेने घेतलं होतं. नोंदी करणारे सगळे त्या त्या ठिकाणचे लोक. त्यांच्या नोंदी तपासणारा मी.

हॉक मॉथ म्हणजे पतंगांमधले पैलवान. भरीव अंग, अरुंद पंख. फुलावर बसत नाहीत. फुलासमोर हवेत एका जागी थांबतात आणि लांब सोंड आत घालून मध पितात. दर वर्षी कोणी ना कोणी मला व्हिडिओ पाठवतं, ‘सर, आमच्या सोसायटीत हमिंगबर्ड आलाय!’ हमिंगबर्ड कसला, हॉक मॉथ असतो तो.

सोळा लोकांना आम्ही वर्षभर शिकवलं. माळी, शिक्षिका, वॉचमन, मुलुंडचे एक रिटायर्ड पोस्टमन. वर्षाच्या शेवटी त्यातले आठ जण कायमचे घ्यायचे होते, प्रत्येकाला स्वतःचा एक विभाग. मनोरीतून एकटी रंजना होती. वय चाळिशीच्या पुढे, कोळ्यांच्या घरातली. सासू अजून मासळी विकते. रंजना मात्र गावातल्या एका हॉलिडे कॉटेजची बाग आणि झाडलोट सांभाळते. मराठी सातवीपर्यंत शिकलेली, पण अक्षर सरळ आणि नजर अशी की मला हेवा वाटावा.

तिला ते काम हवं होतं, मनापासून हवं होतं. एकदा तिने अश्विनीला सांगितलं होतं, “मॅडम, बाकी सगळीकडे मला काय करायचं ते सांगतात. हितं मला काय दिसलं ते विचारतात.”

आणि तिच्याच वहीवर मी फुली मारली होती.

आमचा एक कडक नियम होता, आणि तो मीच केलेला. पतंगाला हात लावायचा नाही. पतंगाच्या पंखांवर बारीक खवले असतात, माशासारखेच, पण पावडरीएवढे. रंग त्या खवल्यांचा असतो. चिमटीत धरलं की पावडर बोटाला लागते, रंग जातो आणि ओळख पटवायची वाट लागते. शिवाय तो जीव अधू होतो तो वेगळाच. त्यामुळे नियम असा की हाताळलेला पतंग नोंदवला तर नोंद रद्द, आणि नोंदवणारा यादीतून बाहेर.

रंजनाची नोंद अशी होती. सकाळी साडेसात. कॉटेजच्या मागे अनंताचं झाड. बुंध्यापासून वीतभर वर एक हॉक मॉथ बसलेला. अंग शेवाळी हिरवं, मधे तपकिरी-लाल पट्टा. ‘पंख करडे. आरपार दिसत नाय. थोड्या वेळाने पंख थरथरवले. धूळ उडाली. मग काचेसारखे झाले. मग उडाला.’ सोबत मोबाइलवरचे दोन फोटो. पहिला हललेला. दुसऱ्यात एक पंख अर्धा करडा आणि अर्धा पारदर्शक.

दुसरा फोटो बघितल्याबरोबर मी निकाल लावला. पंखावरची पावडर अर्धवट गेलेली, म्हणजे बोटांचं काम. तेहतीस वर्षांत असे पुसलेले पंख मी ढिगाने पाहिलेत. पतंग बघणाऱ्या कोणालाही विचारा, पहिला संशय बोटांवरच जातो. त्या दिवशी माझ्यासमोर दोनशेच्या वर नोंदी होत्या. या नोंदीला मी अर्धं मिनिट दिलं असेल, फार तर. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, ‘नमुना हाताळलेला. नोंदवणाऱ्याचं निवेदन विश्वासार्ह नाही.’ खाली सही.

“सर, एकदा परत बघा ना,” अश्विनी म्हणाली. “वर्षभरात तिची एक नोंद चुकलेली नाही.”

“म्हणूनच एवढा वेळ बोलतोय. दुसरं कोणी असतं तर बोलावलंही नसतं.”

रंजनाने वही स्वतःकडे ओढली. त्या नोंदीवर बोट ठेवलं.

“सर, मी जन्मभर मासे साफ केलेत. खवले काढायचे तर हात लावायलाच लागतो, बोटं भरतात. याचे आपसूक पडले. माझ्यासमोर. मी हातभर लांब बसली होती.”

“खवले आपसूक पडत नाहीत,” मी म्हणालो.

हे वाक्य मी किती ठामपणे म्हटलं ते मला आजही ऐकू येतं.

तिने वही मिटली. मग गळ्यातलं आयकार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं. “काढा मला. पण हात लावून खोटं बोलली, असं वहीत ठेवू नका.”

“शेरा बदलता येत नाही,” मी म्हणालो.

ती उठून गेली. चहा तसाच राहिला. अश्विनी त्या दिवशी माझ्याशी परत बोलली नाही, आणि मला ते फाजील वाटलं. एवढा मी शहाणा.

त्यानंतर नऊ-दहा महिने गेले. आम्ही चेंबूरला राहतो. आमच्या गॅलरीत कुंडीत एक अनंत आहे, बायकोचा, सुमनचा. एका सकाळी ती ओरडली, “अहो, इकडे या आधी! माझ्या झाडाचा फडशा पाडलाय मेल्याने!” बघतो तर बोटाएवढी हिरवी अळी, शेपटीकडे छोटंसं शिंग. हॉक मॉथची अळी. सुमन ती खाली फेकणार होती. मी तिच्या मिनतवाऱ्या करून अळी एका जुन्या टबात ठेवली. तळाला माती, वर वाळकी पानं, एक उभी काटकी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. खाली वर्तमानपत्र. दोन दिवसांत अळी पानांखाली गेली आणि तिथेच तिने कोष केला.

पंधरा-सोळा दिवसांनी सकाळी चहा घेताना सहज बघितलं, तर पतंग बाहेर येऊन काटकीवर चढलेला. अंग शेवाळी हिरवं. मधे तपकिरी-लाल पट्टा. नाव मला लगेच आठवलं, कारण आमच्या खणात याच्या दोन पूर्ण रांगा होत्या. त्या सगळ्यांचे पंख काचेसारखे स्वच्छ.

याचे पंख करडे होते.

मी कप खाली ठेवला. मच्छरदाणी अलगद काढली आणि खुर्ची मागे सरकवून बसलो. तो आधी पंख हळूहळू हलवत होता. मग थरथरवायला लागला. आणि पंखांवरून बारीक करडी पावडर उडाली. एका पंखावरची आधी गेली. दुसऱ्यावरची अर्धी राहिली, मग तीही गेली. पंख काचेचे झाले. तो वर उडाला, गॅलरीच्या कठड्यापाशी क्षणभर थांबला आणि गेला. टबाच्या कडेवर आणि खालच्या वर्तमानपत्रावर राखेसारखी धूळ पडली होती.

कप न्यायला सुमन बाहेर आली. तिने धूळ पाहिली. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर तिलाही पतंगांचं थोडंफार कळतं. म्हणाली, “हात लावलात काय हो त्याला?”

“नाही गं. मी हात नाही लावला.”

आणि मग मला पुढे बोलता येईना. सुमनला वाटलं छातीत दुखतंय. ती पाणी आणायला धावली.

खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हा पतंग कोषातून येतो तेव्हा त्याच्या पंखांवर खवले असतात आणि पहिल्या उड्डाणाला ते झडून जातात, हे पुस्तकांत लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं. पण आमच्या खणातले सगळे उडताना जाळ्यात पकडलेले, म्हणजे खवले आधीच झडलेले. तेच बघत आयुष्य गेलं आणि वाचलेलं विसरून गेलो. रंजनाने विसरायला काही वाचलेलंच नव्हतं. तिने फक्त बघितलं आणि लिहिलं.

अश्विनीला फोन केला. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“सर, आठ जण तेव्हाच ठरले. मनोरी आता मालाडच्या शिक्षिकाताईंकडे आहे. जागा नाही.”

“जागेचं नंतर बोलू. रजिस्टर काढून ठेव. मी घेऊन जाणार आहे.”

“रजिस्टर ऑफिसच्या बाहेर जात नाही. तुमचाच नियम.”

“अश्विनी, माझे नियम मला सांगू नकोस यार.”

तिने प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून रजिस्टर दिलं.

मार्वेहून फेरीबोटीने खाडीपलीकडे मनोरीला गेलो. रंजनाचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. रंजना आणि आणखी तीन-चार बायका उरलेले बोंबील अडकवत होत्या. तिची सासू पायरीवर बसली होती. रंजनाने मला पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं नाही.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कुंडी, अळी, पावडर. माफी मागितली. बाई, मी चुकलो, असंच म्हणालो, दुसरे शब्द सुचले नाहीत.

“मला म्हाईत होतं,” ती म्हणाली. “मी बघितलं होतं ना.”

आमच्या धंद्यात रजिस्टरमधलं काही खोडत नाहीत. व्हाइटनर लावत नाहीत. चुकलेल्या ओळीवर एकच बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं, तारीख, सही. मी तिच्यासमोर पायरीवर बसून तसं केलं. तिने वाकून बघितलं.

“म्हणजे खालचं राहणार?”

“राहणार. पण चूक कोणाची तेही राहणार.”

तिने थोडा विचार केला. मग त्या बायकांकडे हात केला. “यांना वाचून दाखवा. मोठ्यानं. गावात सगळ्यांना म्हाईत हाय, रंजीला खोटी पडली म्हणून काढली. दहा महिने ऐकत्येय मी.”

मी उभा राहिलो. आयुष्यात सभेत वाचलंय, परिषदेत वाचलंय, अंगणात कधी वाचलं नव्हतं. वाचलं, “नमुन्याला हात लावलेला नव्हता. नोंद अचूक आहे. चूक तपासणाऱ्याची.”

बायका थांबून ऐकत होत्या. सासूने विचारलं, “तपासणारा कोण?”

“मी.”

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. “चुकली म्हणून हिला काढली. मग तुमाला काढलं का?”

“नाही,” मी म्हणालो.

बायका परत कामाला लागल्या. रंजनाने मला पाणी दिलं आणि जेटीवर परतीची फेरी किती वाजता आहे ते सांगितलं.

पुढची हकीकत थोडक्यात. ती नोंद आता यादीत आहे, मनोरी, अनंताचं झाड, आणि निरीक्षकाच्या रकान्यात रंजनाचं पूर्ण नाव. एकट्या तपासनीसाला कोणाची नोंद रद्द करता येत नाही, असा नियम आम्ही केला. आधी नोंदवणाऱ्याला फोन करायचा, सगळं ऐकून घ्यायचं, मग दुसऱ्या कोणाची तरी सही घ्यायची. नियम चांगला आहे. वर्षभर आधी हवा होता. या वर्षी मुलुंडच्या पोस्टमननी काम सोडलं आणि जागा रिकामी झाली तेव्हा अश्विनीने रंजनाला विचारलं. ती म्हणाली, “नको मॅडम. दुसऱ्या कोणाला द्या.” कारण अश्विनीने विचारलं नाही.

पण अधूनमधून माझ्या मोबाइलवर तिचा फोटो येतो. कधी फुलपाखरू, कधी अळी. गेल्या आठवड्यात एक हॉक मॉथ आला, कॉटेजच्या भिंतीवर बसलेला, सुरेख फोकस. खाली एकच ओळ होती, जी प्रत्येक फोटोखाली असते.

‘हात नाय लावला.’

मी पतंगाचं नाव कळवलं. हात लावला का, असं मी विचारलेलं नव्हतं.